सतारमेकर गल्लीसाठी रोल: परदेशातून फिल्म आणण्याच्या नोंदी

२ जून २०२४

मिरजेच्या सतारमेकर गल्लीचं काम कृष्णधवल फिल्मवरच करायचं, हे नक्की झालं. मार्चअखेर मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गल्लीत मोबाइल घेऊन येणाऱ्यांची रीघ आहे. रंगीत फोटो भरपूर निघाले, पुढेही निघतील. मला हवे आहेत ते भोपळे, तूनच्या लाकडाची धूळ, आणि जव्हारी काढताना (घोडीचा माथा घासून नाद जुळवताना) पुढे झुकलेल्या मानेवर एकाच खिडकीतून पडणारा उजेड.

अंदाज असा: वर्षभरात छत्तीस फ्रेमचे पस्तीस-चाळीस रोल. कारागिरांची साधारण दहा घरं, प्रत्येकी तीन-चार रोल. आपल्याकडे इलफर्डच्या एचपी-५ या कृष्णधवल फिल्मचा रोल हजाराच्या आगेमागे मिळतो, कोडॅकची ट्राय-एक्स त्याहून महाग. म्हणजे नुसत्या फिल्मचेच चाळीस हजार. धुण्याची रसायनं, प्रिंटचा कागद, सगळं त्यापुढे. एवढे पैसे नाहीत, म्हणून ही वही.

५ जून

युरोपातल्या दुकानांचे भाव पाहत बसलो. मोजदाद युरोत. फोमापान ४०० चा रोल (४०० हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो) सहा युरोच्या आसपास, केंटमिअर ४०० ही तिथेच घुटमळतो, एचपी-५ आठ-नऊ, ट्राय-एक्स दहाच्या पुढे. युरो नव्वद रुपयांना धरला तर फोमाचा रोल साडेपाचशेला पडतो. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

त्यातून पाटीवरचा भाव तिथल्या करासकट असतो. चेक प्रजासत्ताकात मूल्यवर्धित कर २१ टक्के, जर्मनीत १९, ब्रिटनमध्ये २०. माल युरोपीय संघाबाहेर निघाला की बरीच दुकानं तो कर बिलातून वगळतात. ब्रिटनमधली दुकानं ब्रिटनबाहेर पाठवताना हेच करतात. सहा युरोचा रोल मग पाच युरोच्याही आत येतो. काही दुकानं मात्र पत्ता भारताचा टाकला तरी भाव तोच ठेवतात. ते पैसे सरकारकडे जात नाहीत, दुकानाच्या गल्ल्यात राहतात. तेव्हा पेटीत माल टाकून, पत्ता भरून, शेवटचा आकडा बघितल्याशिवाय कुठल्याच दुकानाला स्वस्त म्हणायचं नाही.

९ जून

स्वस्त फिल्म कोण बनवतं, हे आधी बघू. दुकानं ढीगभर आहेत, कारखाने मोजके.

फोमा बोहेमिया. चेक प्रजासत्ताकातलं ह्रादेत्स क्रालोवे हे गाव, कारखाना १९२१ सालचा. फोमापान १००, २०० आणि ४००. धाटणी जुनी, भाव कमी.

हारमन टेक्नॉलॉजी. इंग्लंडच्या चेशर परगण्यात मोबर्ली इथे. इलफर्डच्या एचपी-५ आणि एफपी-४ इथल्याच. केंटमिअरही इथलीच. मूळची केंटमिअर कंपनी कंब्रियातली, २००७ मध्ये हारमनने घेतली. म्हणजे एकाच छताखाली महाग आणि स्वस्त दोन्ही. केंटमिअर ही एचपी-५ ची सावत्र बहीण आहे असं लोक समजतात, पण ती वेगळी फिल्म आहे. उजेड मागे परतू नये म्हणून फिल्मला जो थर देतात तो हिच्यात कमजोर, त्यामुळे खिडकी किंवा बल्ब फ्रेममध्ये आला की भोवती धुरकट कडं दिसतं.

ईस्टमन कोडॅकचा कारखाना अमेरिकेत रॉचेस्टरला. उत्तम फिल्म, पण आमच्या खिशाची नव्हे. कोडॅकची डबल-एक्स ५२२२ ही सिनेमाची कृष्णधवल फिल्म चारशे फुटांच्या डब्यात येते. हिच्या पाठीला रंगीत सिनेफिल्मसारखा काळा थर नसतो, त्यामुळे ती घरच्या टाकीत सरळ धुता येते. फूटभावाने स्वस्त, पण १२२ मीटर फिल्म एकदम घ्यायची आणि अंधाऱ्या खोलीत तिचे तुकडे पाडायचे. एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही.

अमेरिकेत अरिस्टा ईडीयू अल्ट्रा या नावाने स्वस्त फिल्म मिळते. लॉस एंजेलिसचं फ्रीस्टाइल हे दुकान विकतं. ती आतून फोमाच. चेक गावात बनलेली फिल्म अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियात जाणार, तिथून उलटी मिरजेला येणार आणि प्रत्येक टप्प्याचं भाडं मी भरणार. नको.

चीनमध्ये शांघाय जीपी-३ आणि बाओडिंगची लकी आहे. लोक ज्या चिनी बाजारसाइटवरून त्या मागवायचे, त्या अलीएक्स्प्रेसवर २०२० च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे बंदी आहे. तो रस्ता सोडला.

मुदत संपलेल्या फिल्मच्या गठ्ठ्यांचा तर विचारही नको. चांगल्या उजेडात हौस म्हणून ठीक. इथे अंधारातल्या खोल्यांत, पुन्हा तसा क्षण मिळणार नाही अशा ठिकाणी, कुणाच्या माळ्यावर वीस वर्षं तापलेला रोल वापरायचा म्हणजे कारागिराचा वेळ फुकट घालवायचा.

१४ जून

संध्याकाळी स्टेशन रोडवरच्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि फ्रेम यांवर चालतो, पण काकांनी निम्मं आयुष्य लाल दिव्याखाली काढलंय. फिल्म परदेशातून आणायची म्हटल्यावर हसले.

"अरे, आम्ही तर कायमच परदेशी वापरली. ऑर्वो कुठली होती? पूर्व जर्मनीची. रुपयात व्यवहार व्हायचा त्यांच्याशी, म्हणून ती मिळायची. कोडॅक म्हणजे लग्नातल्या मोठ्या घरांसाठी."

"आणि इंदू?"

"इंदू होती की. उटीची. सरकारी." एवढं बोलून त्यांनी चहा ओतला. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० मध्ये स्थापन झाली, उदगमंडलमला. देशात फिल्म बनवणारा तो एक कारखाना. तो चालू असता तर या वहीची निम्मी पानं कोरीच राहिली असती.

मुद्द्याची गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. ते कधीच सुटे रोल घेत नसत. शंभर फुटांचा डबा आणायचा आणि रिकाम्या कॅसेटमध्ये रोज लागेल तेवढी फिल्म भरायची. पासपोर्टच्या चार फोटोंसाठी आठ फ्रेमचा रोल भरायचा, लग्नाला छत्तीसचा. कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी बेकेलाइटचा लोडर काढून दाखवला. मूठ फिरते, फ्रेम मोजायचा काटा फिरतो. "घेऊन जा, मला काय करायचाय आता."

२० जून

आज कस्टमचं गणित. हे समजल्याशिवाय पुढे काहीच करण्यात अर्थ नाही.

स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने मागवलेली वस्तू, मग ती फिल्म असो की स्वेटर, सरसकट ९८०४ या शीर्षाखाली धरतात. २०२४ चे दर असे: मूळ सीमाशुल्क ३५ टक्के. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेतीन. झाले साडेअडतीस. मग मालाची किंमत आणि हे शुल्क यांच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी. शंभराच्या मालावर एकूण ७७ रुपये २८ पैसे. हे शुल्क नुसत्या मालावर लागत नाही, भाड्यावरही लागतं. फक्त हवाई भाडं हिशेबात मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही, असं मूल्यांकनाचा नियम सांगतो.

फिल्मचं स्वतःचं शीर्ष ३७०२ आहे आणि तिथला दर बराच कमी आहे. पण त्या वाटेने जायचं तर व्यापारी आयात म्हणून जावं लागेल: आयात-निर्यात कोड, बिल ऑफ एंट्री, कस्टम एजंटची फी. दोन-चार हजारांच्या मालासाठी एजंट लावला तर फिल्मपेक्षा एजंटच महाग पडेल. पुण्या-मुंबईचे आठ-दहा जण एकत्र आले, मोठी मागणी असली, तर तो रस्ता खरा.

"गिफ्ट लिहायला सांग, सुटतं" असा सल्ला तीन ठिकाणांहून आला. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून येणाऱ्या पार्सलांची सवलत काढून टाकली आहे, राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. कमी किंमत लिहायला सांगणंही नको. पार्सल अडकलं तर बिल मागतात, आणि ते बिल ईमेलमध्ये आपल्याच नावाने पडलेलं असतं.

एवढं सगळं कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते बघायला फोमापान ४०० चे दहा रोल मागवले. कर वजा जाऊन माल ४९ युरो ६० सेंट, साध्या नोंदणी टपालाचे १७ युरो. कुरिअर याच्या दुपटीहून जास्त मागत होतं आणि वर आधार-पॅन.

१८ जुलै

काल आषाढी झाली, आज पोस्टमन आला. पुठ्ठ्याची पेटी कोपऱ्यातून भिजलेली, वर सीएन २२ चा (कस्टमसाठी माल जाहीर करण्याचा) हिरवा कागद, त्यावर फिल्मची किंमत सरळ लिहिलेली. सोबत शुल्काची पावती: चार हजार एकशे चाळीस रुपये. पोस्टमनने सुटे मागितले आणि पेटी हलवून विचारलं, "काय आहे ह्यात एवढं?" फिल्मचे रोल म्हटल्यावर त्याला खरं वाटलं नाही.

पेटीचा प्रवास ट्रॅकिंगवर दिसत होता. चेक टपालातून मुंबईत आठवड्याच्या आत. मग बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात मुक्काम. तिथून सुटल्यावर मिरज दोन दिवसांत. म्हणजे अंतर बघता युरोप ते मुंबई हा प्रवास या साखळीतला सगळ्यात वेगवान तुकडा आहे.

हिशेब: माल आणि भाडं ५,९९४. शुल्क ४,१४०. बँकेने परदेशी व्यवहाराचे आणि त्यावरच्या जीएसटीचे मिळून अडीचशे कापले. एकूण १०,३८४. दहा रोल.

एक हजार अडतीस रुपयांना एक रोल. कोपऱ्यावरच्या दुकानात एचपी-५ याहून स्वस्त आहे, उधारीवरही मिळते.

कागदावर हे आधी दिसत होतं, तरी पावती हातात आल्यावर वेगळंच वाटलं. एक खूण पक्की झाली: भाव रोलला लावायचाच नाही. दारात पोचल्यावर एका फ्रेमला किती पडतात, एवढाच आकडा लिहायचा. या मालाची फ्रेम २८ रुपये ८४ पैसे.

२१ जुलै

फोमापान ४०० चा पहिला रोल गल्लीत. भोपळा तासायचं काम चाललं होतं. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, इकडे पिकत नाहीत. एकाच जागी बसून तीन वेग लावले: ४००, २५०, २००. रोल धुऊन काच-दिव्यावर ठेवला तर ४०० वर बाकाखालचं सगळं कोरं. अवजारं, पाय, पाट, काहीच नाही. २५० वर जरा जीव आला, २०० वर हवं ते मिळालं. खोक्यावर ४०० लिहिलंय, पण अंधाऱ्या खोलीत ही दोनशे-अडीचशेची फिल्म आहे, हे जगभरचे वापरणारे सांगतात ते खरं.

आता खोलीत भिंग एफ २ पर्यंत उघडून सेकंदाचा तिसावा भाग मिळतो तिथे पंधरावा भाग झाला तर चालणारा हात दर दुसऱ्या फ्रेममध्ये हलतो. म्हणजे स्वस्त फ्रेममधल्या निम्म्या वाया. फ्रेमच्या भावात ही वजाबाकीही धरली पाहिजे.

फोमाची आणखी एक खोड लांब एक्स्पोजरची. फोमापान १०० च्या तक्त्यात कारखानाच सांगतो: एक सेकंद मोजलं तर दुप्पट द्या, दहा सेकंद मोजलं तर आठपट. दहाचे ऐंशी सेकंद. तिकाटण्यावर ठेवलेल्या स्थिर सतारीसाठी चालेल, माणसासाठी नाही.

उरलेले नऊ रोल उन्हातल्या कामाला ठेवले. अंगणात भोपळे वाळत असतात, तिथे ही फिल्म सुंदर चालेल.

३ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही, गल्लीत पॉलिशचं काम बंद. बसल्या बसल्या डब्याचा हिशेब.

शंभर फुटांच्या, म्हणजे साडेतीस मीटरच्या डब्यात छत्तीस फ्रेमचे अठरा रोल निघतात. रोलला पुढच्या जिभेसकट (कॅमेऱ्यात अडकवायचं टोक) एक मीटर साठ-पासष्ट सेंटिमीटर जातात. युरोपात केंटमिअर ४०० चा डबा ७२ युरोला दिसतो, फोमापान १०० चा ५८ ला. कर वजा करून दोन्हींचे १०९. युरो आता ९२ रुपयांवर. दोन डबे १०,०५० रुपये, टपाल २,३००, शुल्क ९,३००, बँकेचे पाचशे. बावीस हजारांच्या वर थोडे. रोल छत्तीस. एक रोल ६१५, फ्रेम १७ रुपये.

तेच शुल्क, तोच दर, तरी रोलमागे सव्वाचारशे कमी. कारण उघड आहे. ७७ टक्के ज्याच्यावर लागतात ती रक्कमच लहान झाली. सुट्या रोलमध्ये फिल्मसोबत धातूची कॅसेट, प्लास्टिकची डबी, छापील खोका आणि कारखान्यातली भरणी हे सगळं विकत घेतलेलं असतं. त्या सगळ्याचं विमानभाडं द्यायचं आणि त्या सगळ्यावर सीमाशुल्कही. डब्यात फक्त फिल्म येते. कॅसेट इथे मिळतात, भरणारे हात माझे.

माझ्या मते परदेशातून सुटे रोल टपालाने मागवणं हा व्यवहारच नव्हे. एखादी इथे न मिळणारी फिल्म चाखून बघायची असेल तेवढंच. कामासाठी डबा.

१७ ऑगस्ट

बहिणीचा मुलगा स्टुटगार्टला असतो. गणपतीला येतोय. रात्री फोन केला.

"मामा, किती मोठं असतं ते? माझ्याकडे आईने सांगितलेली चॉकलेटं, बाबांचं ब्लड प्रेशरचं मशीन..."

"दोन डबे. तळहाताएवढे. पण हातातल्या बॅगेत आणायचे, मोठ्या बॅगेत टाकायचे नाहीत."

"का?"

कारण विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचं स्कॅनिंग जबरदस्त असतं. ती किरणं फिल्मला धुकं आणतात, आणि फिल्म जितकी वेगवान तितकं धुकं जास्त. हातातल्या सामानाचं जुनं एक्स-रे यंत्र चारशेच्या फिल्मला एक-दोनदा सहन होतं. आता मोठ्या युरोपीय विमानतळांवर हातसामानालाही सीटी यंत्रं यायला लागली आहेत. बॅगेतून लॅपटॉप काढायला सांगत नाहीत, ती यंत्रं बहुधा सीटीची. त्यातून फिल्म एकदाही न्यायची नाही, असं इलफर्ड आणि कोडॅक दोघेही सांगतात. हाताने तपासणी मागायची.

इथे डब्याची एक अडचण आहे जी सुट्या रोलला नाही. रोल डोळ्यांनी बघता येतो. डबा उघडला की संपलं. म्हणून त्याला सांगितलं: कारखान्याचा शिक्का फोडायचा नाही, पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवायचे, रांगेत उभं राहायच्या आधीच अधिकाऱ्याशी बोलायचं, आणि वर जर्मनमध्ये व इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहायचं की आत उजेड चालत नाही.

शुल्काचं सरळ आहे. २०२४ च्या नियमाने परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला पन्नास हजार रुपयांपर्यंतचं खरंखुरं वैयक्तिक सामान विनाशुल्क आणता येतं. दोन डबे, चॉकलेटं आणि ते मशीन मिळूनही पन्नास हजारांच्या खूप खाली. बिल सोबत ठेवायला सांगितलं. मागितलं तर दाखवायचं, लपवण्यासारखं काही नाही.

त्याने बर्लिनच्या दुकानातून त्याच्या घरी मागवले. जर्मनीचा १९ टक्के कर भरावा लागला, कारण माल देशातल्याच पत्त्यावर गेला. दोन डबे १३० युरो, पोच सहा युरो. पैसे मी इथे ताईकडे दिले. बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्कही वाचलं.

५ सप्टेंबर

आला. डबे आले. विमानतळावरची हकीकत त्याच्याच तोंडची:

पहिल्या अधिकाऱ्याने पिशवी सरळ ट्रेवर ठेवायला सांगितली. याने विनंती केली. त्याने वरिष्ठाला बोलावलं. ती बाई आली, लेबल वाचलं, डबा कानापाशी हलवला, स्फोटकं तपासायची पट्टी चारही बाजूंनी फिरवून यंत्रात घातली, आणि "माझे वडील यावर फोटो काढायचे" म्हणून परत दिला. मुंबईत उतरल्यावर मात्र हिरव्या मार्गाने बाहेर पडताना सगळं सामान एक्स-रेतून गेलं. साधं यंत्र होतं असं तो म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर सोडायचं नाही, तपासायचं.

डबे फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, दोन पिशव्यांत. आई विचारते, नैवेद्याच्या दिवसांत फ्रिजमध्ये हे काय.

१५ सप्टेंबर

धुक्याची चाचणी. डबा आदल्या रात्री बाहेर काढून ठेवला होता. गार डबा दमट हवेत लगेच उघडला तर फिल्मवर दव धरतं.

संपूर्ण अंधारात केंटमिअरची वीतभर पट्टी कापली. कॅमेऱ्यात न घालता तशीच धुतली. तुलनेला काकांच्या ओळखीने सांगलीतून आणलेल्या, एक्स-रेतून न गेलेल्या केंटमिअर ४०० च्या रोलचा तुकडा, त्याच टाकीत, त्याच पाण्यात. उजेड देऊन काळी झालेली जीभ नव्हे, आतला तुकडा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून आकाशाकडे धरल्या. डोळ्यांना फरक दिसत नाही. एकावर एक तीन घड्या घालून पाहिलं, तरीही नाही. मुंबईच्या त्या एका फेरीने काही केलेलं नाही.

फोमापान १०० ची चाचणी केली नाही. शंभरची फिल्म त्यातून सुटली नसेल तर चारशेची सुटणं शक्यच नव्हतं.

२२ सप्टेंबर

आजचा दिवस भरण्याचा. बाथरूम, दाराखाली ओला टॉवेल, खिडकीला काळं कापड दुहेरी. डब्यातून लोडरमध्ये फिल्म घालणं तेवढं पूर्ण अंधारात. लाल दिवासुद्धा नाही, कारण ही फिल्म लालही बघते. एकदा लोडर बंद झाला की पुढचं टेबलावर, उजेडात, रेडिओ ऐकत.

कॅसेटचं: सांगलीच्या एका लॅबकडे अजून थोडे रंगीत रोल येतात. त्यांच्या रिकाम्या कॅसेट ते फेकून देत होते. फक्त एक विनंती केली, फिल्म मुळापासून ओढून काढू नका, बोटभर शेपूट बाहेर ठेवा. त्या शेपटीला नवी फिल्म दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून जोडायची. फायदा असा की ४०० च्या कॅसेटवर ४०० च्या डीएक्स पट्ट्या (कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणाऱ्या) आधीच असतात. माझा कॅमेरा जुना, त्याला डीएक्स कळत नाही, पण सोबत काम करणाऱ्या मुलीचा स्वयंचलित आहे आणि कोरी कॅसेट दिली की तो शंभर धरतो. फोमासाठी शंभर-दोनशेच्या कॅसेट मिळाल्या नाहीत, तेव्हा ती फिल्म माझ्याच कॅमेऱ्यात.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या. चिकटपट्टी उजेडात लावतो, त्यामुळे रोलच्या शेवटच्या दोन-तीन फ्रेम जळतात. छत्तीस मोजून भरल्या तरी तेहतिसाव्यानंतर महत्त्वाचं काही टिपायचं नाही. आणि लोडरच्या फटीतली मखमल आधी ब्रशने झाडायची, नाहीतर एक कण अख्ख्या रोलभर सरळ रेघ ओढतो. काकांनी हे सांगितलं नव्हतं. मखमलीचा रंग बघूनच कळलं की तिथे वीस वर्षांची धूळ आहे.

प्रत्येक कॅसेटवर मार्करने फिल्म, तारीख, फ्रेम. पाच रोल चोवीसचेही भरले. एका घरात एका बैठकीत छत्तीस लागत नाहीत.

६ ऑक्टोबर

नवरात्र चालू. अंबाबाईच्या देवळात रात्री गाणं असतं, त्यामुळे दिवसा गल्लीत दुरुस्त्यांची घाई. केंटमिअरचे चार रोल झाले.

धुण्याची रसायनं बाहेरून मागवायची नाहीत, हे आधीच ठरलेलं. डी-७६ घरी बनते: लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन. मुंबईहून रसायनवाल्याने पाठवली. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं, कारण सल्फाइट दाटलं की मेटॉल विरघळत नाही. नळाचं पाणी सव्वीस अंशांवर आहे. बर्फाच्या ताटलीत ठेवून चोवीसवर आणलं. वीस अंशांना जे तेरा मिनिटांचं काम ते चोवीसला नऊ मिनिटांत होतं.

केंटमिअर ४०० वर खरंच चारशेची आहे. बाकाखालचे पाट दिसतात. खिडकी फ्रेममध्ये आली तिथे ते धुरकट कडं आहे, आणि एका फोटोत ते तारा लावणाऱ्याच्या डोक्यामागे आलंय. आता खिडकी पाठीशी घेऊन उभं राहायचं.

१ डिसेंबर

हिशेब बंद केला.

दोन डबे, पोच धरून १३६ युरो, ९२ ने १२,५१२ रुपये. रोल छत्तीस धरले तर एक ३४८ ला, फ्रेम पावणेदहा रुपये. जळणाऱ्या शेवटच्या तीन फ्रेम वगळल्या तर साडेदहा. दुकानातली एचपी-५ फ्रेमला २८. माझे चाचणीचे दहा रोल २९.

पण हा पावणेदहाचा भाव भाच्याच्या सुटीवर उभा आहे, हेही लिहून ठेवतो. तो वर्षातून एकदा येतो. मुंबई-पुण्यातले काही जण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दोन-दोन डबे आणायला सांगतात आणि इथे एकमेकांत विकतात. विकायला आणलेला माल वैयक्तिक सामान राहत नाही, तेव्हा त्यात पडायचं नाही. माझा धरून चालायचा भाव म्हणजे टपालाने आलेल्या डब्याचा, सतरा रुपयांचा. पुढच्या वर्षीचा खर्च त्यावरच मांडला आहे. कुणी आणून दिले तर तेवढे वाचले.

शिल्लक: केंटमिअरचे सात भरलेले रोल. फोमापान १०० जवळजवळ अर्धा डबा. चाचणीतल्या फोमा ४०० चे दोन.

पुढची मागणी: केंटमिअर ४०० चा एकच डबा, टपालाने, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलच्या आत पोचला पाहिजे, उन्हाळ्यात टपालाच्या गाडीत डबा तापायला नको. रसायनवाल्याकडून हायपो (धुतलेली फिल्म पक्की करायचं रसायन) पाच किलो. लॅबमधून चारशेच्या आणखी दहा-बारा कॅसेट, शेपटीसकट.